सांगड

केतकी आरवाडेचा नादारीचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिच्या वडिलांना झाला. अण्णांनी स्वतः ओट्याजवळ उभं राहून शिरा केला. वेलदोडा जास्त पडला होता आणि साखर कमी, पण केतकीनं दोन वाट्या खाल्ला.

"आता कुणी दारात यायचं नाही," अण्णा म्हणाले. "फोनसुद्धा यायचे नाहीत. कायद्यानंच सांगितलंय."

"होय अण्णा."

"मग तोंड का पाडून बसलीयस?"

"नाही ओ. झोप येतेय नुसती. किती दिवसांची राहिलीय."

ते खरंच होतं. केतकी फिजिओथेरपिस्ट. नवरा अपघातात गेल्यावर तिनं सांगलीत अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी एक सेंटर काढलं होतं. रुग्णाला पट्ट्यांनी अधांतरी धरून पुन्हा चालायला शिकवणारं एक परदेशी यंत्र तिनं कर्ज काढून आणलं. कोल्हापूर, विजापूरपासून लोक यायचे. मग कृष्णेचा पूर आला आणि तळमजला दोन दिवस पाण्याखाली राहिला. इमारत पूररेषेच्या आत आहे असं सांगून विमा कंपनीनं हात वर केले. यंत्र भंगारात गेलं, हप्ते मात्र चालूच राहिले. दोन वर्षं ती झगडली आणि शेवटी वकिलांच्या सल्ल्यानं तिनं स्वतःला नादार जाहीर करून घेतलं. सेंटरची जागा गेली, राहता फ्लॅट गेला, दागिने गेले. उरलेलं कर्ज तीन वर्षांनी माफ होणार होतं. माणूस एकदा पडला म्हणून त्यानं जन्मभर पडून राहू नये, असा त्या कायद्यामागचा विचार होता.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अण्णांच्या नावावर सांगलीतच विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. बापलेक तिथं राहायला आले. केतकीची मुलगी अन्विता कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि धाकटा भाऊ सुदर्शन पुण्यात नोकरीला.

पहिल्या महिन्यात ज्या गोष्टी बदलल्या, त्या केतकीनं अपेक्षिलेल्याच होत्या. औषधाच्या दुकानात तिचा चेहरा दिसला की काउंटरवरच्या यंत्राचा पडदा पिवळा व्हायचा आणि पैसे जमा झाल्याशिवाय गोळ्या पुढे यायच्या नाहीत. रिक्षा बोलावली तर भाडं आधी भरावं लागायचं. एका मोठ्या हॉस्पिटलनं मुलाखतीत तिची तारीफ केली, पण नेमणुकीचं पत्र काही पाठवलं नाही. ती घरोघरी जाऊन रोखीनं व्यायाम घ्यायला लागली. आपण बुडवलंय, तेव्हा लोक आपल्याकडे आधी मागणारच, असं तिनं मनाशी मान्य केलं होतं.

मग एका रविवारी सुदर्शनचा फोन आला.

"ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"फ्लॅटचं कर्ज अडकलंय. मंजूर झालं होतं. आता म्हणतात, तुमचा पतीचा, म्हणजे क्रेडिटचा, अंक उतरलाय."

"का? तू काय केलंस?"

सुदर्शन म्हणाला, "तू दर रविवारी फोन करतेस ना, तासभर."

केतकीला आधी ते कळलंच नाही. सुदर्शननं हळूहळू समजावून सांगितलं.

बँकांनी, विमा कंपन्यांनी आणि घरमालकांनी त्या वर्षापासून 'सांगड' नावाची नवी प्रणाली घेतली होती. जुन्या पद्धतीत माणसाची पत त्याच्या स्वतःच्या वागण्यावरून ठरायची. त्यानं हप्ते वेळेवर भरले का, चेक वटले का, एवढंच पाहिलं जायचं. सांगड बनवणाऱ्यांनी लाखो कुटुंबांचे जुने व्यवहार तपासले आणि त्यांना एक गोष्ट दिसली. कर्जात बुडणारा माणूस क्वचितच एकटा बुडतो. त्याच्यामागोमाग भाऊ बुडतो, मेहुणा बुडतो, जिवाभावाचा मित्र बुडतो. कारण ही माणसं एकमेकांना उसने देतात, जामीन राहतात, न विचारता मदत करतात. हा धोका माणसामाणसांतून कसा पसरतो हे मोजायला त्यांना नवं गणित शोधावं लागलं नाही. लोखंडी सळईचं एक टोक विस्तवात धरलं तर दुसरं टोक किती वेळानं तापेल, हे सांगणारं दोनशे वर्षांपूर्वीचं समीकरण होतं. तेच चपखल बसलं.

फरक इतकाच, की सळईच्या जागी नाती होती. दोन माणसं फोनवर किती बोलतात, त्यांचे फोन किती वेळ एका छताखाली असतात, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत ती बरोबर दिसतात का, यावरून सांगड प्रत्येक नात्याची वाहकता काढायची. नातं जितकं दाट, तितकी ती जास्त. आणि जे नातं वापरलं जात नाही ते आपोआप थंड होत जायचं. नादार माणूस म्हणजे विस्तवातलं टोक. गणित चुकीचं नव्हतं. सांगड आल्यापासून बँकांची बुडीत कर्जं निम्म्यावर आली होती.

"म्हणजे मी तुझ्याशी बोलले, की तुझं व्याज वाढतं," केतकी म्हणाली.

"असं थेट नाही गं. पण हो. तसंच."

"किती बोललेलं चालतं?"

"महिन्यातून एकदा, चारपाच मिनिटं. असं ऑफिसातले सांगतात." तो घाईनं पुढे म्हणाला, "फ्लॅटचं होऊ दे, मग बघू. मीच करतो फोन."

फ्लॅटचं झालं. पण त्यानंतर गाडीचं कर्ज होतं, मुलीच्या शाळेचा प्रवेश होता. रविवारचे फोन परत सुरू झाले नाहीत. भिशीतल्या बायकांनी या महिन्यात भिशी नाही असं कळवलं आणि पुढच्या महिन्यात काहीच कळवलं नाही. केतकीला कुणाचाही राग आला नाही. त्यांच्या जागी तिनंही तेच केलं असतं, असं ती अण्णांना म्हणाली.

अण्णा म्हणाले, "मी नसतं केलं." आणि पेपर वाचायला लागले.

अन्विता दिवाळीला आली ती तोंडाला रुमाल बांधून, डोक्यावर टोपी घालून. फोन हॉस्टेलवर ठेवून आली होती. केतकीनं दार उघडलं आणि तिला बघून हसली.

"दरोडा घालायला आलीस काय?"

"असंच. ऊन किती होतं."

जेवण सूर्यास्ताआधी झालं, अण्णांच्या पद्धतीप्रमाणं. मग मायलेकी गॅलरीत बसल्या. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अन्विताची निवड झाली होती. केतकीनं त्याचं काय झालं म्हणून विचारलं.

"जाणार नाही मी. इथंच नोकरी बघते."

"का?"

"तुझ्यामुळं नाही," अन्विता पटकन म्हणाली.

केतकीनं तसं विचारलंच नव्हतं. ती मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. थोड्या वेळानं अन्विता रडायला लागली आणि मग सगळं बाहेर आलं. शिक्षणकर्जाला तीन बँकांनी नकार दिला होता.

"मी तुझा नंबर बंद करते," केतकी म्हणाली. "तू इकडं यायचं नाहीस. कर्ज मंजूर होऊन तू तिकडं पोचेपर्यंत."

"मम्मी, वेड लागलंय का तुला? मग काय, तू मेलीस असं समजू?"

"तू शिकायला गेलीस असं समज."

"मला नाही जमणार."

"तुला काही करायचं नाहीये. मीच करणार आहे सगळं."

आणि तिनं ते केलं. अन्विता अण्णांच्या फोनवर फोन करायची. अण्णा फोन पुढे धरायचे, तशी केतकी उठून गॅलरीत जायची. आतून अण्णांचं बोलणं ऐकू यायचं, "आहे की. बरी आहे. भाजी निवडतेय." उन्हाळ्यात कर्ज मंजूर झालं आणि अन्विता गेली. जाण्याआधी ती सांगलीला आली नाही. केतकीनंच येऊ नकोस म्हणून अण्णांकरवी सांगितलं होतं.

त्याच पावसाळ्यात, सकाळी बस्तीतून, जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आल्यावर, अण्णा पाय धुता धुता थांबले. त्यांच्या ओठांचा उजवा कोपरा खाली उतरलेला केतकीला दिसला. ते पडायच्या आत तिनं त्यांना धरलं होतं. सरकारी दवाखान्यात ती त्यांना वेळेत घेऊन गेली आणि ते वाचले. पण उजवी बाजू लुळी झाली आणि वाचा पूर्ण गेली.

केतकी त्यांच्या खाटेशेजारून हलेना. मेंदूला असा झटका बसला की पहिले काही महिने तो नव्यानं वाटा शोधत असतो, हे तिनं हजारदा नातेवाइकांना सांगितलं होतं. त्या काळात हातापायाला जे शिकवाल ते तो धरतो. नंतर धरत नाही. ती रोज अण्णांचा हात घेऊन एकेक सांधा फिरवायची. "अण्णा, माझा हात ढकला. ढकला जोरात." दहाव्या दिवशी अंगठ्यात किंचित हालचाल आली. तिनं नर्सला बोलावून ती दाखवली.

पण नाकात नळी होती, रक्त पातळ करायची इंजेक्शनं होती, छातीत कफ होता. दोन भाड्याच्या खोल्यांत हे निभणारं नव्हतं. चांगल्या पुनर्वसन रुग्णालयात हलवायचं तर विम्याची हमी लागत होती. हमी पाहणाऱ्या बाईंनी पडदा केतकीकडे वळवला.

"पेशंटचा मूळ अंक उत्तम आहे, पेन्शन आहे. पण सहवासात नादार व्यक्ती आहे, मॅडम. एकाच घरात."

"ती मीच आहे. मी त्यांची मुलगी."

"हो, दिसतंय ते," बाई म्हणाल्या.

सुदर्शन आणि त्याची बायको शीतल पुण्याहून आले. सुदर्शन दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बराच वेळ भलतंच काहीतरी बोलत होता, रस्त्याचं, टोलचं. शेवटी केतकीनंच विषय काढला.

"तू घेऊन जा त्यांना. तुझ्या पत्त्यावर नाव घाल. हमी मिळेल."

"आणि तू?"

"मी आले तर मिळणार नाही."

"तू करतेस तसा व्यायाम दुसरं कोण करणार, ताई?"

"दुसऱ्यांनाही येतो. असतात चांगले लोक."

तिनं शीतलला सगळं करून दाखवलं. खांदा कसा धरायचा, बोटं कशी सोडवायची, कुशीवर कसं वळवायचं. शीतल मन लावून बघत होती. रुग्णवाहिकेत चढवताना अण्णांनी डाव्या हातानं केतकीची ओढणी धरली. ती तिनं अलगद सोडवून घेतली. त्यांना वाटलं असणार, ही मागून येतेय.

अण्णांचा अंक घरातून गेला आणि महिनाभरात घरमालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मिरजेला स्टेशनामागं एक लॉज होतं. तिथं रोजचे पैसे रोज भरून नादार माणसं राहायची. केतकी तिथं गेली. एका तालमीत पैलवानांचे खांदे आणि गुडघे बघायचं काम तिला मिळालं, रोखीचं.

लॉजमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. दोन नादारांची ओळख वाढली तर दोघांचाही अंक आणखी खाली जायचा. खाणावळीत प्रत्येक टेबलाला एकच खुर्ची होती. पहिल्या आठवड्यात केतकीनं शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारलं, "पाणी किती वाजता येतं ओ?" त्या बाईनं नुसती बोटं दाखवली आणि दार लावून घेतलं. पुढे केतकीलाही तशीच सवय लागली. सुदर्शन महिन्यातून एकदा फोन करायचा. अण्णांचं बरं चाललंय, सांगायचा. पुनर्वसन रुग्णालयातून त्यांना घरी आणलं होतं. विम्याचे दिवस संपले होते.

तीन वर्षं सरली आणि तिची मुक्तता झाल्याचा आदेश आला. त्या दिवशी तिनं नवी साडी नेसून स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा मागितला. पडद्यावर पिवळा रंग आला नाही. कुठलाच रंग आला नाही. वेटर चहा न ठेवता मालकाकडे गेला.

सांगडच्या मदत केंद्रात एक तरुण मुलगी बसली होती. तिनं केतकीचं नाव टाकून बराच वेळ पडदा पाहिला.

"तुमचा अंक वाईट नाहीये मॅडम. तुम्हाला अंकच नाहीये."

"कर्ज तर माफ झालं. न्यायाधिकरणाचा आदेश आहे."

"तो बरोबरच आहे. नादारी पुसली गेलीय. पण सांगड माणसाचा अंक त्याच्या आसपासच्या माणसांवरून काढते. तुमच्याभोवती मोजण्यासारखं नातंच नाही एकही. सगळी थंड झालीत." मुलीला ते सांगताना अवघडल्यासारखं झालं. "असं बऱ्याच जणांचं होतं. घरच्यांना त्रास नको म्हणून लांब राहतात ना."

"मग आता?"

"एक साक्षी लागतो. चांगला अंक असलेला, जवळच्या नात्यातला. तो वर्षभर तुमच्याबरोबर एका घरात राहिला पाहिजे. त्याचा अंक थोडा उतरतो, पण तुमचा सुरू होतो. साक्षीची संमती घरच्या घरीसुद्धा घेता येते."

केतकीनं बाहेर येऊन अन्विताचा नंबर सुरू केला आणि फोन लावला. अन्विता तिकडंच नोकरीला लागली होती. बरोबरच्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवत होती. केतकीनं साक्षीचं सांगितलं; वर्षभर तिकडं येऊन राहायचीही तिची तयारी होती.

"हो मम्मी. बघते ना मी. फक्त पुण्यातल्या घराचं कर्ज आत्ताच टाकलंय आम्ही दोघांनी..."

"राहू दे गं. मी सहज विचारलं. दुसरी सोय होतेय माझी."

"नक्की?"

"नक्की."

"तू बरी आहेस ना?"

"बरी आहे की."

फोन ठेवल्यावर केतकीच्या लक्षात आलं, की पाच मिनिटंही झाली नव्हती. दोघींपैकी कुणीच घड्याळ बघितलेलं नव्हतं.

तिला अण्णा सुचले ते त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी तालमीत, एका पैलवानाचा खांदा दाबताना. अण्णांचा अंक उत्तम होता आणि सुदर्शनसारखं त्यांना आता कुठलं कर्ज घ्यायचं नव्हतं. अंक थोडा उतरला तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. साक्षी मिळाला की सांगलीत खोली मिळणार होती, दवाखान्यात नोकरी मिळणार होती. अण्णांचं ती स्वतः करणार होती. इतक्या उशिरा हातात फार काही येत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी बसतं करता आलं असतं, चमच्यानं खाता आलं असतं.

सुदर्शनला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तो रडला.

"ये ताई, लगेच ये. आमचंही आता होत नाही गं. शीतलची पाठ गेलीय उचलून उचलून."

ती पुण्याला पोचली तेव्हा शीतलनं अण्णांच्या कपड्यांची बॅग भरून ठेवली होती. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते. उजवा हात छातीशी आखडून घट्ट मूठ झाली होती. केतकीनं आधी तीच पाहिली. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी तिला ओळखलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात तिच्याकडे येत होता.

"नको," अण्णा म्हणाले. "नको, नको."

केतकी दचकून थांबली.

"तेवढाच एक शब्द परत आलाय," सुदर्शन म्हणाला. "समजतं सगळं त्यांना. बोलायला गेले की तोच येतो तोंडात. अण्णा, पाणी देऊ?"

"नको," अण्णा म्हणाले, आणि पेला तोंडाशी आल्यावर सगळं पाणी प्यायले.

केतकीनं असे रुग्ण पाहिले होते. मेंदूतली बोलण्याची जागा जळून जाते आणि राखेत एखादाच शब्द उरतो. मग प्रेम, भूक, राग, सगळं त्याच शब्दातून बाहेर पडतं. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं समजावून सांगितलं. आपण सांगलीला जायचं, तुम्ही आणि मी. अण्णांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

सुदर्शननं फोन त्यांच्यासमोर धरला. अंगठ्याचा ठसा घेतील असं तिघांना वाटलं होतं. पण सांगडचा आवाज आला, मऊ आणि आदबशीर.

"नमस्कार. ज्येष्ठ व्यक्तींवर कुटुंबीयांचा दबाव येऊ नये म्हणून संमती त्यांच्याच आवाजात घेतली जाते. केतकी आरवाडे यांचे साक्षी होण्यास आपली संमती आहे का? कृपया हो किंवा नको म्हणा."

"नको," अण्णा म्हणाले.

"अहो, त्यांना हो म्हणायचंय!" शीतल ओरडली. "मान बघा ना त्यांची!"

"खात्रीसाठी पुन्हा विचारत आहोत. आपली संमती आहे का?"

अण्णांना कळलं होतं. त्यांनी डोळे मिटले, ओठ आवळले, कपाळावरची शीर फुगली. सगळं अंग त्या एका अक्षरासाठी थरथरलं. केतकी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू म्हणत होती, "हो... अण्णा, हो..." रुग्णांना शिकवायची तसं.

"न..." अण्णा म्हणाले. "न... नको."

"धन्यवाद. आपला नकार नोंदवला आहे. आपल्या संरक्षणासाठी ही विनंती पुन्हा करता येणार नाही."

सुदर्शननं फोन खाली ठेवला. "डॉक्टरांकडून दाखला आणू. की त्यांना बोलता येत नाही."

"मग म्हणतील, संमती देता येत नाही," केतकी म्हणाली. "देता येत नसेल, तर साक्षी होता येत नाही."

शीतल पदरानं डोळे पुसत आत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. ती अण्णांचे सदरे परत कपाटात ठेवत होती.

केतकीनं अण्णांची आखडलेली मूठ मांडीवर घेतली आणि एकेक बोट सरळ केलं. तळव्यात नखं रुतून व्रण पडले होते. तिनं ते पुसले आणि नखं कापली. शेवटी सुदर्शनचा फोन टेबलावर बारीक थरथरला. अंक नसलेल्या माणसाच्या भेटीची मर्यादा संपत आल्याची ती सांगडची सूचना होती. त्यानं तो उपडा करून ठेवला, पण केतकी उठली होती.

"निघते मी."

अण्णांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. हाताला अजून चांगली पकड होती. ती सोडवायला तिला दोन्ही हात लागले. चपला घालून ती दारातून बाहेर पडली. जिना उतरेपर्यंत तिला वरून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"नको... नको... नको..."